शातोरूची हँडगन वर्ल्ड शूट, प्रेक्षक म्हणून कशी वाटली

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने फ्रान्समधल्या शातोरूला नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हा टीव्हीवर ते शूटिंग सेंटर बघून मी घरात ओरडलोच, अरे इथे तर मी जाऊन आलोय! इप्सिक या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेची हँडगन वर्ल्ड शूट, म्हणजे पिस्तुलाची जागतिक स्पर्धा, 2017 मध्ये ऑगस्टअखेरीस तिथेच भरलेली. मी तेव्हा पॅरिसला नोकरीला होतो आणि ऑफिसातला एक हौशी नेमबाज मित्र मला ट्रेनने घेऊन गेला, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. आता ओळखीतले विचारतात म्हणून लिहितोय. स्पष्ट सांगतो, जमलं तर ही स्पर्धा आयुष्यात एकदा बघाच.

आपल्याला नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरच्या राही, तेजस्विनी आठवतात, श्वास रोखून एका जागी उभं राहायचं आणि एकेक गोळी मोजून मारायची. इथे माणूस पळतो. प्रत्येक स्टेज म्हणजे टार्गेट मांडलेला एक वेगळा मार्ग. भिंतीआडून, खिडकीतून, कधी खाली बसून मारायचं, पळता पळता मॅगझिन बदलायचं, कागदी टार्गेटवर दोन-दोन आणि लोखंडी पॉपर, म्हणजे गोळी लागली की आडवं होणारं टार्गेट, पडलाच पाहिजे. मोठ्या स्टेजला 32 पर्यंत गोळ्या आवश्यक असू शकतात, आणि लहान-मोठ्या मिळून एकूण 30 स्टेज होत्या.

मला सगळ्यात आवडलं ते गोळीबाराच्या आधीचं. आपला नंबर यायच्या आधी शूटर रिकाम्या हाताची बोटं पिस्तुलासारखी धरून, ओठात पुटपुटत पूर्ण स्टेज चालून बघतात. एक बाई तर डोळे मिटून उभी होती आणि तिचे हात डावीकडे, वर, मग एकदम खाली असे फिरत होते. मग स्टेजवरच्या पंचाचं, म्हणजे रेंज ऑफिसरचं, 'आर यू रेडी', 'स्टँड बाय', आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत कधीही बीप. ती बाई सुटली ती थांबलीच नाही, शेवटच्या रिकाम्या काडतुसाचा जमिनीवरचा टणटण आवाज विरेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता.

स्कोअरिंग मात्र आधी समजून घेऊन जा, नाहीतर नुसता धाडधाड आवाज. मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. समजा जास्तीत जास्त 160 पॉइंटच्या स्टेजवर एकाने 20 सेकंदांत 150 काढले तर 7.5, दुसऱ्याने 17 सेकंदांत 140 काढले तर 8.2 च्या वर, म्हणजे कमी पॉइंटवाला जिंकला आणि त्याला पूर्ण 160 मिळाले, पहिल्याला साधारण 146. पण घाईत एक गोळी हुकली की 10 वजा, आणि नो-शूट, म्हणजे ज्यावर मारायचंच नाही अशा टार्गेटला लागली तरी 10 वजाच. एरिक ग्रॉफेल हा फ्रेंच नेमबाज 1999 ला सेबूमध्ये पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि नंतरही जिंकत राहिला, मित्र दिवसभर त्याच्याबद्दल बोलत होता आणि हे गणित कळल्यावर मला त्याचं कारण कळलं.

सेफ्टीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. पिस्तुलाची नळी समोरच्या दिशेपासून 90 अंशांच्या बाहेर वळली किंवा पिस्तूल हातातून पडलं की सरळ डिस्क्वालिफाय, कितीही मोठा खेळाडू असो. संपल्यावर प्रत्येक जण पिस्तूल रिकामं करून ऑफिसरला दाखवतो, त्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं निर्धास्त उभी होती.

एक चूक माझीच झाली, घाईत एका दुकानातून स्वस्तातले इअरमफ उचलले. माझ्या चष्म्याच्या काडीवर ते नीट बसेनात, फटीतून आवाज आत यायचा आणि दुपारपर्यंत कान बधिर. शेवटी मित्राने कानात घालायचे फोमचे प्लग दिले, ते घालून वर मफ लावले तेव्हा कुठे बरं वाटलं. तेव्हा दोन्ही घरूनच न्या. आणि वीस स्टेज धावत बघण्यापेक्षा एकाच स्टेजला शूटरांचा पूर्ण गट, म्हणजे स्क्वॉड, संपेपर्यंत थांबा, कोण कुठे अर्धा सेकंद वाचवतोय ते पाचव्या-सहाव्या शूटरपासून दिसायला लागतं.