नाइट ड्यूटीवाल्यांनी 'प्रे ॲज यू गो' ॲप घ्यावं का? माझा अनुभव

आधीच सांगते, मी चर्चमध्ये कुठल्या कमिटीवर वगैरे नाही, साधी स्टाफ नर्स आहे, मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं), नोकरी पुण्यात, आणि आमच्या ड्यूट्या अशा फिरतात की एक आठवडा मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट, मधेच कोणी सुट्टीवर गेलं की डबल. त्यामुळे "पहाटे पाचला उठा आणि देवाबरोबर एकांतात बसा" असं कोणी स्टेजवरून सांगितलं की मला हसूच येतं. पहाटे पाचला मी ब्लड सॅम्पल काढत असते हो, आणि एकांत तर वॉर्डात बाथरूममध्येपण मिळत नाही.

भक्तीची शिस्त लावून घ्या म्हणणारे बहुतेक लोक धरूनच चालतात की तुमचा दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि जेवून झोपलात की संपतो. शेतकऱ्याचा संपत असेल, मास्तरांचा संपत असेल, पण नर्स, वॉचमन, रिक्षावाले, कॉल सेंटरची पोरं, कंपनीत थर्ड शिफ्टला जाणारे, यांचं काय? आमच्या ख्रिस्ती समाजात तर घरटी एक नर्स सापडते, तरी या गोष्टीवर कोणी बोलत नाही याचं नवल वाटतं. तर ज्याला घड्याळ लागत नाही असं काहीतरी मी शोधत होते आणि आमच्याच आयसीयूतल्या एका केरळच्या सिस्टरने हे ॲप दाखवलं. बरेच महिने वापरतेय, म्हणून आता लिहिते.

ॲप आहे ब्रिटनमधल्या जेजुइट फादरांचं (जेजुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ). २००६ च्या लेन्टमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सुरू झालं, तेव्हा लोक एमपी३ प्लेअरवर घेऊन ऐकायचे, आता ॲप आहे, पॉडकास्ट आहे, वेबसाइटवरही आहे. पूर्ण फुकट, जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं. सोमवार ते शुक्रवार रोज एक ऑडिओ आणि शनिवार-रविवार मिळून एक, प्रत्येक साधारण १० ते १३ मिनिटांचा. सुरुवातीला थोडं संगीत, मग बायबलमधला त्या दिवसाचा छोटा उतारा, मग दोन-तीन प्रश्न आणि प्रश्नांच्या मधे चक्क गप्प जागा सोडलेली, मग तोच उतारा परत एकदा वाचतात. हे दुसऱ्यांदा वाचणं मला सगळ्यात आवडलं, कारण पहिल्या वेळी माझं डोकं सहा नंबर बेडच्या ड्रिपमध्येच असतं, दुसऱ्या वेळी कुठे शब्द कानात शिरतात. प्रश्नपण "आजपासून तुम्ही कसे बदलाल" टाइप प्रवचनी नसतात, तुम्ही त्या गर्दीत उभे असता तर कुठे उभे असता, येशू तुमच्याकडे वळून बघतोय तर तुम्हाला काय वाटतंय, अशा धाटणीचे असतात. उत्तर कोणाला द्यायचं नसतं, टाइप करायचं नसतं, टिक करायची नसते.

आणि मुख्य म्हणजे ऑडिओला वेळ ठरलेली नाही. पीएमपीच्या बसमध्ये बसले, खिडकीची सीट मिळाली, कानात हेडफोन घातला, झालं. कधी ते सकाळी सातला होतं, कधी दुपारी एकला, कधी रात्री साडेसातला. मी त्याला वेळेशी न बांधता बसशी बांधलंय. ड्यूटी बदलते पण बस काही सुटत नाही. एवढी एक गोष्ट जमली आणि माझी अर्धी कटकट संपली.

आता खरी कामाची गोष्ट, म्हणजे यातलं एक्झामेन, झालेला दिवस देवासमोर तपासायची प्रार्थना. रोजच्या ऑडिओखेरीज ॲपमध्ये याचा वेगळा भाग आहे. पाच पायऱ्या असतात: देवाचे आभार मानायचे, नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, झालेला दिवस डोळ्यांसमोरून हळूहळू न्यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि पुढच्या दिवसासाठी मदत मागायची. हे जेजुइट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने (१४९१ ते १५५६) घालून दिलं. आणि त्याची गोष्ट नर्सच्या नजरेने वाचाच एकदा. सैनिक होता, १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा पायावर बसला, हाड मोडलं, नीट जुळलं नाही म्हणून परत मोडून बसवलं, तेपण भूल नसलेल्या काळात. मग महिनोन् महिने बेडवर. वाचायला शूरवीरांच्या गोष्टी मागितल्या तर घरात होतं फक्त ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं भारी वाटतं पण नंतर मन कोरडं पडतं, आणि ख्रिस्ताचा विचार केला की नंतरही बरं वाटत राहतं. म्हणजे हा माणूस ऑर्थोच्या वॉर्डातला पेशंट होता आणि स्वतःच्याच मनाचा चार्ट भरत होता! आम्ही दर चार तासांनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी लिहितो तसा. हे कळल्यापासून एक्झामेन मला परकं वाटलंच नाही.

मी ते करते हँडओव्हर दिल्यावर, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला पेशंट सोपवल्यावर, चेंजिंग रूममध्ये. नाइट संपवून सकाळी आठला बाहेर पडताना माझा "दिवस" संपलेला असतो, मग तो तेव्हाच तपासायचा, रात्रीची वाट कशाला बघायची? ऑडिओ दरवेळी लावत नाही, पायऱ्या पाठ झाल्यात. कुठल्या पेशंटशी चिडून बोलले, कुठल्या नातेवाइकाला टाळलं, आणि कोणाचा ताप उतरला, कोणी हात धरून "सिस्टर, देव तुमचं भलं करो" म्हटलं, सगळं येतं समोर. पूर्वी ड्यूटीवरचं सगळं डोक्यात घेऊन घरी जायचे आणि भांड्यांवर राग निघायचा, ते कमी झालंय, हे माझं मत नाही, घरच्यांचं आहे.

बाकी माझी घडी ॲपच्या बाहेर आहे आणि तीही सांगते, कारण एकट्या ॲपवर कोणाचं भागेल असं मला वाटत नाही. एक, हात धुताना प्रभूची प्रार्थना. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागले पाहिजेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" न घाई करता मनात म्हटलं की बरोबर त्या हिशेबात बसतं. वॉर्डात दिवसभरात किती वेळा हात धुतो विचारूच नका. (इन्फेक्शन कंट्रोलवाल्या मॅडम पण खूश.) दुसरं, नाइटला राउंड झाला आणि वॉर्ड शांत असला की बायबलमधलं स्तोत्र १३४. तीनच वचनं आहेत, परमेश्वराच्या घरात रात्री उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून, म्हणजे नाइट ड्यूटीवाल्यांचंच स्तोत्र म्हणा ना. तिसरं, ऑफच्या दिवशी नगरला गेले की आईबरोबर कुटुंबप्रार्थना. एक गीत 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं, एक अध्याय आळीपाळीने, मग आई सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन लांबलचक प्रार्थना करते, त्यात लग्न न जमलेल्या मावसभावाचा नंबर कायम पहिला.

थोडी तुलनापण करते, नाहीतर म्हणाल एकाचीच जाहिरात चाललीये. लेक्शिओ ३६५ हे प्रार्थनेचं दुसरं ॲप वापरून बघितलं, ते ट्वेंटी-फोर सेव्हन प्रेयर या चळवळीचं आहे, १९९९ ला इंग्लंडात सुरू झालेली. तेही फुकट, आवाज छान, सकाळच्या प्रार्थनेला थांबा, आनंद करा, मागा, सोपवून द्या असा चार टप्प्यांचा साचा आहे आणि तो पटकन डोक्यात बसतो. फक्त त्याचा दिवस सकाळ, दुपार, रात्र असा आखलेला आहे, म्हणजे ज्यांचा दिवस तसाच असतो त्यांना उत्तम, माझ्या नवऱ्याला तेच जास्त आवडतं, तो बँकेत आहे. यूव्हर्जनचं बायबल ॲप २००८ पासून आहे, त्यात मराठी बायबल आहे, तेवढ्यासाठी तरी ते फोनमध्ये असायलाच पाहिजे. आणखी एक पैसेवालं ॲप होतं, नाव घेत नाही, ट्रायल रद्द केली तरी पैसे कापले आणि परत मिळवायला मेलवर मेल करावे लागले, प्रार्थनेच्या नावावर असलं केलं की जास्तच राग येतो. आणि ती सलग किती दिवस झाले मोजणारी भानगड असते ना काही ॲप्समध्ये, ती मला बिलकुल नको. नाइटला बारा वाजले की तारीख बदलते, मी त्या वेळी सीपीआर देत असले तर देव माझे दिवस शून्यावर नेणार आहे का? प्रे ॲज यू गो वापरताना मला असं कधी मागे पडल्यासारखं वाटलं नाही, सुटलेला ऑडिओ सुटला, आजचा ऐका.

उणं काय, तर भाषा. सगळं इंग्रजीत, तेही ब्रिटिश उच्चारात. मला सवय झाली, पण माझ्या आईला किंवा आमच्या वॉर्डातल्या मावशींना, त्या जालन्याच्या, भक्तीत माझ्या दहा पावलं पुढे, त्यांना हे देऊन काय उपयोग? स्पेनच्या जेजुइटांनी स्पॅनिशमध्ये असंच काढलंय, पोलंडवाल्यांनी पोलिशमध्ये, फ्रेंचमध्येही आहे, मग मराठीत काढायला काय हरकत आहे. आणि मजा बघा, १५७९ मध्ये इंग्लंडातलाच एक जेजुइट, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात आला, मराठी शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहून गेला, छापलं १६१६ मध्ये. त्या काळात त्याने लोकांच्या भाषेत, लोकांच्या छंदात येशूची गोष्ट सांगितली. त्याच्या देशातल्या त्याच्याच संघाचं ॲप मी इंग्रजीत ऐकते, याला काय म्हणायचं! आपल्याकडे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आहेत, त्यांची गाणी ऐकत मोठे झालेले चांगल्या आवाजाचे लोक आहेत, वसईत, नगरला, मिरजेला, कोल्हापूरला. एक उतारा, दोन प्रश्न, मधे एक अभंग, दहा मिनिटं. रेकॉर्डिंग तर आता फोनवरपण होतं.

संगीताबद्दल, कधी लॅटिन कोरस, कधी गिटार, कधी आफ्रिकन काहीतरी, सगळं मला झेपत नाही. पण ती चवीची गोष्ट झाली.

अजून एक, आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरातल्यांसाठी. हे ॲप कॅथलिकांचं आहे हे कळल्यावर आमच्या काकांनी लगेच विचारलं, "मग त्यात मरियेची माळ जपायला लावतात काय गं?" रोजच्या ऑडिओत बायबलचा उतारा असतो आणि त्यावर मनन, बस. संतांच्या सणाच्या दिवशी त्यांचा उल्लेख येतो, कॅथलिक आहेत म्हटल्यावर येणारच, नको असेल त्या दिवशी स्तोत्र वाचा. काकांना मी एक ऑडिओ ऐकवला, लूकच्या शुभवर्तमानातला मार्था आणि तिची बहीण मरिया यांचा उतारा होता, पूर्ण ऐकून म्हणाले, बाई फार हळू बोलते. म्हणजे पास.

पाचपैकी चार स्टार देईन, एक भाषेसाठी कापला. नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, आमच्या हॉस्पिटलच्या बेसमेंटला आणि कात्रजच्या बोगद्यात नेट मेलेलं असतं. आणि सुरुवात रोजच्या ऑडिओने न करता एक्झामेनने करा, तेही ड्यूटी संपल्या संपल्या, घरी जाऊन करीन म्हणालात तर डोळे मिटाल ते झोपण्यासाठीच. मराठीत असं काही करायचं कोणाच्या मनात असेल तर खाली लिहा, उतारे वाचायला मी तयार आहे, फक्त नाइटचा आठवडा सोडून.