स्टारड्यू व्हॅली: दुसऱ्यांदा शेत घेतलं तेव्हा कुठे गेम कळला

आधी कबुली देतो, शेती करायच्या या व्हिडिओ गेममधलं माझं पहिलं शेत मी दुसऱ्या वर्षाच्या विंटरमध्ये सोडून दिलं. कारण मीच. सगळं एक्सेलमध्ये मांडलेलं, कुठलं पीक किती दिवसांत किती देणार, शेड भरून केग (वाईन बनवायची पिंपं) लावलेले, रोज सकाळी सहाला उठून वाईन काढायची नि पुन्हा भरायची. पैसा बक्कळ आणि गावातल्या अर्ध्या लोकांची नावंही माहीत नाहीत. ऑफिसातून येऊन परत ऑफिसच की!

आता मेडोलँड्स फार्म हा शेताचा प्रकार घेऊन नव्याने सुरुवात केलीय. हे 2024 च्या 1.6 अपडेटमध्ये आलं, सुरुवातीलाच खुराडं आणि दोन कोंबड्या मिळतात. यावेळी ठरवलं, दिवसाला एकच मोठं काम. गेममधला दिवस खऱ्या वेळेत जेमतेम 14 मिनिटांचा, त्यामुळे खाण, मासेमारी, पाणी घालणं सगळं एकाच दिवसात कोंबायला गेलात की रात्री दोनला कुठेतरी कोसळणार आणि पैसेही जाणार. पाऊस पडला की झारीला सुट्टी, तो दिवस खाणीचा. खाणीत दर पाच मजल्यांवर लिफ्ट थांबते, मग पाच मजले झाले की गपगुमान घरी.

घाई करू नका म्हणतोय पण सीझन 28 दिवसांचाच असतो हे डोक्यात ठेवा, मी स्प्रिंगच्या 18 तारखेला फ्लॉवर लावला, त्याला लागतात 12 दिवस, समरच्या पहिल्या सकाळी सगळा वाळलेला. स्प्रिंगच्या मध्यावर गावात एग फेस्टिव्हल असतो, तिथे गेममधल्या 100 नाण्यांना एक असं स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, लगेच लावली तरी दोनच तोडे. थोडं बी पुढच्या वर्षाला ठेवलं तर पहिल्या तारखेपासून लावता येतं, मी आठ ठेवलीत.

तिसऱ्या वर्षी आजोबांचं भूत तुमच्या कामगिरीचा निकाल द्यायला येतं त्याचंही टेन्शन नको, समाधीपाशी हिरा ठेवला की पुन्हा निकाल द्यायला येतात. (आमच्या शाळेत ही सोय नव्हती.)

मासेमारी मात्र अजूनही डोक्यात जाते, ती हिरवी पट्टी आणि उड्या मारणारा मासा, मोबाईलवर तर विचारूच नका.

एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून हा गेम केला आणि 2016 मध्ये आणला, तरी त्याचे अपडेट फुकट येत राहिलेत, माझे पैसे तर कधीच वसूल झाले. सध्या गेममध्ये समर 10, बुधवार, बियाणं विकणाऱ्या पिएरचं दुकान बंद आणि माझ्याकडे बियाणं शून्य.