लहान ब्रुअरीतील चार ग्लास

क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या एका लहान ब्रुअरीत चव पाहण्यासाठी चार छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला, आणि पूर्ण ग्लासाची जोखीम न घेता नव्या चवी जोखण्याची ही सोय मला फारच पटली. त्यांतली गव्हाची बिअर सर्वांत सरस निघाली: गाळलेली नसल्याने किंचित गढूळ, वर दाट फेस आणि पिकल्या केळ्याचा व लवंगेचा स्पष्ट गंध, जो या पदार्थांमुळे नव्हे तर केवळ यीस्टमुळे येतो, हे वाढणाऱ्याने न विचारताच समजावून सांगितले. आयपीए, म्हणजे हॉप्स या कडवट, सुवासिक फुलांचा भरपूर वापर केलेली बिअर, चांगलीच कडवट होती. मात्र हॉप्सचा लिंबूवर्गीय सुवास साठवणुकीत लवकर विरत असल्यामुळे, ती जिथे तयार होते तिथेच पिण्याचा फायदा पहिल्याच घोटात जाणवला. स्टाउट, म्हणजे गडद काळी बिअर, गारढोण आणून दिली, हे खटकले. अशी बिअर 10 ते 12 अंश सेल्सिअसला खुलते. ग्लास थोडा वेळ तसाच ठेवल्यावर भाजलेल्या बार्लीची कॉफीसारखी चव वर आली. चौथी, आंबट बिअर, मला मुळीच आवडली नाही, पण शेजारच्या टेबलावर तिचीच मागणी होती.

फळ्यावर अल्कोहोलचे प्रमाण लिहिले होते. बिअर कधी तयार केली, ते मात्र नव्हते. ब्रुअरी स्थानिक आहे म्हणून मी तिला जास्तीचे गुण देणार नाही. गव्हाच्या बिअरसाठी मात्र पुन्हा नक्की जाईन, आणि घरी नेण्यासाठी बाटलीही घेईन.