गोंजियाम की एपिटाफ? इस्पितळातली दोन कोरियन भुतं

इस्पितळातला कोरियन भुताचा सिनेमा बघायचाय आणि हाताशी एकच रात्र आहे, असं कुणी विचारलं की माझ्यासमोर दोनच नावं येतात: २००७चा 'एपिटाफ' आणि २०१८चा 'गोंजियाम: हॉन्टेड असायलम'. गंमत म्हणजे दोन्हींमागे दिग्दर्शक जंग बम-शिक आहे. पहिला त्याने जंग शिकसोबत केला, दुसरा एकट्याने. तरी दोन्ही पाहिल्यावर हे एकाच माणसाचं काम आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

'गोंजियाम'ची गोष्ट दोन ओळींत संपते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारी काही तरुण मुलं बंद पडलेल्या मनोरुग्णालयात शिरतात. म्होरक्याला दहा लाख प्रेक्षक हवेत, आणि सगळ्यांना ती न उघडणारी ४०२ नंबरची खोली. म्होरक्या झालाय वी हा-जुन, 'स्क्विड गेम'मधला पोलीस. कॅमेरे नटांच्याच अंगावर बांधलेले, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. त्यामुळे कोपऱ्यात काय हललं ते आपलं आपणच शोधत बसतो.

हे रुग्णालय खरोखर होतं, सोलजवळच्या ग्वांगजूत. १९९६ साली ते बंद पडलं. वेडा डॉक्टर, मेलेले रुग्ण वगैरे वावड्या उठल्या, पण बंद पडण्यामागचं दुखणं बरंचसं सांडपाण्याचं होतं! जागेच्या मालकाने सिनेमा थांबवायला कोर्ट गाठलं, कोर्टाने अर्ज फेटाळला. चित्रीकरण मात्र बुसानमधल्या एका बंद शाळेत झालं, आणि सिनेमा आला त्याच वर्षी मूळ इमारत पाडली गेली. सिनेमाची तिकिटं खपली २६ लाखांच्या वर. पहिला अर्धा तास मात्र नुसती थट्टामस्करी आहे, तेवढी सोसायची तयारी ठेवा. रहस्याच्या आशेने बसलात तर हात रिकामे राहतील; तिथे काय घडलं होतं, याचा उलगडा करायची सिनेमाला फारशी फिकीर नाही.

तसा उलगडा करणारा सिनेमा हवा असेल तर 'एपिटाफ'. १९४२ सालचं ग्योंगसोंग, म्हणजे जपानी राजवटीतलं सोल. आन्सेंग इस्पितळातले चार दिवस आणि त्यात गुंतलेल्या तीन गोष्टी. शवागारात पहारा देणारा शिकाऊ डॉक्टर एका मृत मुलीकडे ओढला जातो. अपघातातून एकटीच वाचलेली आसाको रात्री किंचाळत उठते. डॉक्टर नवरा-बायकोच्या घरात बायकोच्या सावलीचा प्रश्न उभा राहतो, आणि बाहेर जपानी सैनिकांचे खून पडत असतात. गोष्टी सरळ क्रमाने येत नाहीत. मघाशी व्हरांड्यातून नुसता चालत गेलेला माणूस पुढच्या गोष्टीत मध्यभागी येतो. म्हणून हा सिनेमा बघताना फोन बाजूला ठेवावा लागतो. नावंही जपानी-कोरियन मिसळलेली, पहिल्या वीस मिनिटांत थोडा गोंधळ होणारच.

पण आसाकोच्या खाटेशेजारी येणारी तिची आई! ती काहीतरी पुटपुटते, शब्द कळत नाहीत, कॅमेरा तिच्यावरून हटत नाही. 'गोंजियाम'मध्येही एक मुलगी अशीच कॅमेऱ्यात तोंड घालून पुटपुटते, डोळे पूर्ण काळे. त्या प्रसंगाला मी दचकलो. आसाकोच्या आईला घाबरलो आणि नंतर तिची कीवही आली. माझं मत 'एपिटाफ'कडे झुकतं ते या एका फरकामुळे.

चार मित्र जमलेत, दिवे घालवून आरडाओरडा करायचाय, तर 'गोंजियाम'च लावा; त्या घोळक्यात 'एपिटाफ' वाया जाईल. एकटे असाल, सावकाश चालणारं कथानक चालत असेल, तर उलट करा. २००७चाच 'कॅडेव्हर'ही आहे, शवविच्छेदनाच्या वर्गातले सहा विद्यार्थी आणि टेबलावरचं एक प्रेत. सुरुवात झकास आहे, पुढे ओळखीच्या वाटेने जातो. दोन्ही बघून झाल्यावरही भूक उरली तरच त्याच्याकडे वळा.

आणि 'एपिटाफ' हेडफोन लावून बघणार असाल, तर आई खोलीत येण्याआधी आवाज जरा कमी करून ठेवा.