जुनं आउटबोर्ड घेताय? पॉइंटवालं बरं की सीडीआयवालं

सेकंडहँड टू-स्ट्रोक आउटबोर्ड बघायला निघालात की दोन प्रकार समोर येतात. एकात फ्लायव्हीलखाली (इंजिनावरच्या जड चाकाखाली) पॉइंट, म्हणजे उघड-बंद होऊन ठिणगी पाडणारा छोटा स्विच, आणि त्याचा कंडेन्सर; दुसऱ्यात सीडीआयचा डबा, म्हणजे तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारा. जॉन्सन-एव्हिनरूडच्या लहान दोन सिलिंडरच्या इंजिनांत हा पालट १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. आपल्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या यामाहा एंड्युरो सीडीआयवाल्या. घोडे किती, कॉम्प्रेशन किती, गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय का, हे तुम्ही बघालच. इथे फक्त करंटपुरतं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागापुरतं बोलू.

आधी एक गोष्ट, कारण तिच्यापायी पॉइंट आणि डबे दोन्ही फुकट बदलले जातात. प्लगला करंट येत नसेल तर पहिल्यांदा स्टॉप स्विचची वायर सोडवा आणि पुन्हा दोरी ओढा. खाऱ्या हवेत स्विच आतून गंजतो आणि करंट परस्पर अर्थ होतो. वायर सोडल्यावर करंट आला तर दोष स्विचचा, इंजिनाचा नाही. मात्र अशा अवस्थेत इंजिन चालू केलंत तर बटणाने बंद होणार नाही, चोक ओढूनच बंद करावं लागेल. करंट बघायला प्लग बॉडीला टेकवून भागत नाही, गॅप बदलता येणारा टेस्टर घ्या. पॉइंटच्या मॅग्नेटोची (फ्लायव्हीलच्या चुंबकांवर करंट बनवणाऱ्या जुळणीची) ठिणगी साधारण ६ मिलिमीटर उडाली पाहिजे, सीडीआयची ११ च्या आसपास, निळी आणि कडक आवाजाची. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

आता पॉइंट. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताने दुरुस्त होतं. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडला गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. कॅमवरच्या खुणेशी आणून फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) लावायचा. गॅप कमी झाला तर पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं, वाढला तर पुढे येतं. दोन सिलिंडरचे गॅप वेगळे राहिले की इंजिन आयडलला मिसिंग करतं आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा. तो बिघडला की पॉइंट जळून त्यांवर खड्डे पडतात. त्या काळच्या कॉइलचं प्लास्टिक तडकतं आणि तडीत ओल शिरली की करंट तिथूनच निसटतो. पण या बिघाडांची चाहूल बहुधा आधी लागते. सुरू व्हायला दोन दोऱ्या जास्त लागतात, वेग मंदावतो. भर खाडीत अचानक गप्प होणं पॉइंटच्या स्वभावात कमीच.

सुट्या भागांचीही चिंता फारशी नको. जॉन्सन-एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० साली दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचं उत्पादन २०२० साली थांबलं, तरी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे बाहेरच्या कंपन्या अजून बनवतात.

मग अडतं कुठे? फ्लायव्हीलपाशी. होडी जूनमध्ये शाकारली, इंजिन पडवीत टांगलं आणि नारळी पौर्णिमेनंतर काढलं, की पॉइंटवर दमट हवेने गंजाचा बारीक थर बसलेला असतो. गॅप बरोबर, कॉइल बरोबर, कंडेन्सर बरोबर, आणि करंट नाही. बंद पॉइंटच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला तर ओहम शून्याच्या जवळ हवा, तिथे भलताच आकडा दिसतो. उपाय सोपा आहे: थिनरमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी दोन्ही तोंडांमध्ये धरून ओढायची, मग कोरडी ओढायची. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात. फिलर गेजला तेल असेल तर तेही पॉइंटला लागतं, म्हणून गॅप लावून झाल्यावर पट्टी पुन्हा एकदा फिरवायची. अगदी नवे पॉइंटही असेच पुसून बसवावे लागतात, त्यांवर गंज न लागण्यासाठी तेलाचा हात असतो.

काम एवढंसंच, पण तिथवर पोचायला फ्लायव्हील उतरवावं लागतं. नट सैल करायचा, तीन आट्यांच्या भोकांत पुलरचे बोल्ट लावायचे, मधला बोल्ट आवळून त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका. पुलर नाही म्हणून कडेखाली पहारी घातल्या की दाते तुटतात, चुंबक तडकतात. फ्लायव्हील सुटताना अर्ध्या नखाएवढी ‘की’ (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी खीळ) वाळूत पडते ती वेगळीच. आतली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट पांढऱ्या भुकटीने भरलेली आणि पॉइंटचा स्क्रू त्या भुकटीत जाम झालेला. परत बसवताना शाफ्टचा उतार आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडी ठणठणीत हवीत, ग्रीस अजिबात नको, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. सैल राहिला तर ती ‘की’ कातरते आणि टायमिंगचा पत्ता लागत नाही. काही इंजिनांच्या फ्लायव्हीलला खिडकी असते, तिथून गॅप तरी लावता येतो; ज्यांना नाही त्यांचा हा सोहळा दर मोसमाला ठरलेला. पुलर, टॉर्क रेंच आणि सावलीतलं बाक ज्याच्याकडे आहे त्याला हे जाचणार नाही. जेटीवर काम करणाऱ्याला जाचतं. मला तरी याच एका गोष्टीने सीडीआयकडे वळवलं.

सीडीआयमध्ये घासणारं, झिजणारं काहीच नाही. डब्याला करंट पुरवणारी चार्ज कॉइल, ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल, डबा आणि वर प्लगला करंट देणारी हाय टेन्शन कॉइल, बस्स. करंट इतका झटकन चढतो की तेलाने काळवंडलेला प्लगही पेटतो. रॉकेलवर इंजिन चालवणाऱ्यांना हा फरक रोज जाणवेल. (रॉकेलवाल्यांनी बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं, ते मात्र सीडीआय असली तरी चुकत नाही.) डबा मेला असं जिथे वाटतं तिथे माझ्या बघण्यात बहुतेकदा अर्थिंगचा गंजलेला स्क्रू, नाहीतर प्लग कॅपमध्ये हिरवं पडलेलं तांबं निघतं. कॅप आट्यांची असेल तर फिरवून काढा, वायर सेंटीमीटरभर कापा, परत फिरवा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दोन्ही आपसात बदलून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर पल्सर किंवा डबा बघायचा. दोन्ही सिलिंडरचा करंट एकदम गेला तर संशय स्टॉपची वायर, चार्ज कॉइल, डबा असा, त्याच क्रमाने. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका, डब्यावर ताण येतो.

सीडीआयचं दुखणं एकच, पण खोडकर. डबा किंवा चार्ज कॉइल गरम झाली की करंट जातो, थंड झाली की परत येतो. मेकॅनिककडे नेईपर्यंत इंजिन शहाण्यासारखं सुरू. मीटरवर ओहम बरोबर आले म्हणजे कॉइल चांगली असंही नाही. दोरी ओढताना निघणारा व्होल्टेजचा झटका मोजायला पीक व्होल्टेजचा अडॅप्टर लागतो, साधा मीटर तो पकडत नाही. आणि डबा दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. होडीवर चाचणी केलेला एक जादा डबा ठेवायची तयारी असेल तर हे दुखणं झेपतं. तेवढे पैसे नकोत आणि होडी गोड्या पाण्यात, तलावावर चालवायची असेल, तर पॉइंटवालं स्वस्तात मिळत असताना नाही म्हणायचं कारण नाही.

असलेल्या पॉइंटवाल्यालाच सीडीआय बसवून घेऊ, हा विचार सहसा परवडत नाही. चुंबकांसकट फ्लायव्हील, कॉइलची प्लेट, डबा, सगळं नंतरच्या मॉडेलचं लागतं. म्हणजे एक आख्खं इंजिन फोडायचं.

सीडीआयवालं बघायला गेलात तर मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड हवं, मी यायच्या आधी चालवून ठेवू नका. पिंपात लावून वीसेक मिनिटं चालवा, बंद करा, झाकण लगेच न काढता दहा मिनिटं तसंच राहू द्या. आतली उष्णता त्या वेळात डब्यापर्यंत चढते. मग दोरी ओढा. सुरू झालं नाही तर ताबडतोब टेस्टर लावा. करंट गायब असेल आणि स्टॉपची वायर सोडूनही येत नसेल, तर किमतीतून डबा आणि चार्ज कॉइल दोन्हींचे पैसे वजा करूनच पुढचं बोलणं करा.