ॲल्युमिनियमच्या होडीत मरीन प्लाय: आयएस ७१० चा शिक्का पाहून थांबू नका

गोव्यात मासेमारीच्या छोट्या होड्या बहुतेक फायबरच्या, काही लाकडाच्या. ॲल्युमिनियमची होडी क्वचित दिसते. दिसते ती बहुधा जुनी, चौदा-पंधरा फुटांची, रिव्हेट मारलेली आणि आतून पार गेलेली. बाहेरचा पत्रा शाबूत असतो. कुजलेली असते ती पायाखालची फळी आणि तिच्याखालचा फोम. नवी फळी घालायची म्हटलं की म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, प्लायवूडच्या दुकानात एकच उत्तर मिळतं: मरीन प्लाय घ्या, ७१० चा. तो ॲल्युमिनियमच्या होडीत कसा वागतो, याचं हे परीक्षण. एका कंपनीच्या मालाचं नाही, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) दर्जाच्या १२ मि.मी. प्लायचं.

आधी त्याच्या जमेच्या बाजू, कारण त्या खऱ्या आहेत. या प्लायचा गोंद फिनॉलचा असतो आणि ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत अशी त्याची कसोटी आहे. आठ बाय चार फुटांचा, १२ मि.मी. जाड प्लायचा पत्रा साधारण २५ किलो भरतो. चौदा फुटी होडीची जमीन आणि पुढचा छोटा डेक दोन पत्र्यांत निघतो. होडीच्या फासळ्यांमधलं अंतर ४० सें.मी. पर्यंत असेल तर १२ मि.मी. प्लाय पायाखाली दबत नाही; ९ मि.मी. मात्र हमखास दबतो आणि दबला की रिव्हेटची भोकं मोठी होत जातात. चालताना आवाज होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अनवाणी उभं राहता येतं, ही तर मासेमारी करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट.

आता अडचण. मरीन प्लाय कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून त्यात प्रिझर्वेटिव्ह भरतात आणि त्यात तांब्याचे क्षार असणं नेहमीचं आहे. लाकडी किंवा फायबरच्या होडीत त्याने काहीच बिघडत नाही, उलट आयुष्य वाढतं. ॲल्युमिनियमला मात्र तांबं म्हणजे वैरी. प्लाय ओला झाला, त्यात खारं पाणी मुरलं की क्षार थोडेथोडे बाहेर येतात, पाण्याबरोबर तळाशी उतरतात आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचे सूक्ष्म कण बसतात. प्रत्येक कणाभोवती एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पत्रा सगळीकडे सारखा पातळ होत नाही. टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि भुकटी खरवडली की खाली आरपार भोक निघतं. अशा होड्यांचा पत्राच जेमतेम दीड-दोन मि.मी. जाड असतो. म्हणजे प्लाय ठणठणीत आणि होडी गळकी, अशी उलटी गत होते.

म्हणून दुकानात दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, शिक्का खरा आहे का. प्लायवर आयएसआय खूण, ‘आयएस ७१०’ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक, तिन्ही हवेत. नुसतं ‘मरीन’ किंवा ‘बीडब्ल्यूपी’ (उकळत्या पाण्यात टिकणारा) छापलेला माल घेऊ नका. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घातला की तो चालू आहे की नाही आणि कोणाचा आहे ते उभ्या उभ्या कळतं. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला त्याहून कमी टिकणारा प्लाय स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला ठीक आहे, होडीला नाही. दुसरी गोष्ट, प्रिझर्वेटिव्ह कोणतं. हे दुकानदाराला बहुधा सांगता येत नाही. कंपनीकडून लेखी मागवा. कापलेल्या कडेला हिरवट छटा दिसली तर तांबं आहेच असं धरून चाला. छटा दिसली नाही म्हणून तांबं नाही असं मात्र नाही, कारण वरून रंग चढवलेला असतो. कड पाहताना मधल्या थरांतल्या फटीही पाहा. फट म्हणजे पाणी साठायची जागा आणि तिथे मारलेला रिव्हेट काहीच पकडत नाही.

एवढं करूनही प्लाय नेला तर तो उघडा घालायचा नाही, हे आमचं पहिलं आणि ठाम मत. सहाही बाजू इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा, कडक होणारा लेप) बंद करायच्या. प्लायचे दोन पत्रे, दोन्ही बाजू मिळून जवळपास १२ चौरस मीटर होतात. दर हाताला चौरस मीटरमागे १२० ग्रॅम धरले तर तीन हातांना सव्वाचार किलोच्या आसपास माल लागतो. कडांसाठी वेगळा धरून पाच किलोचा संच घ्या. कडा सगळ्यात जास्त पितात. पहिला हात मारून दहा मिनिटांनी पाहाल तर कड पुन्हा कोरडी दिसेल, तिथे लगेच परत ब्रश फिरवायचा. रेझिन आणि हार्डनर अंदाजाने ओतू नका, वजनकाट्यावर मोजा. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे आधी वाचा. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात आणि मग आठवडाभर चिकट राहिलेला प्लाय घेऊन बसतात.

गोव्यात एक सल्ला हमखास मिळतो: फायबरच्या होड्या बांधणाऱ्याकडून वरून एक मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन मारून घ्या, स्वस्तात होईल. ते रेझिन पॉलिएस्टर असतं. फायबरवर ते उत्तम. लाकडावर त्याची पकड कच्ची. लाकूड थोडं फुगतं-आकसतं, थर कडेने सुटतो, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि प्लाय आतल्या आत भिजत राहतो. वरून पाहणाऱ्याला काही दिसतही नाही. ॲल्युमिनियमच्या होडीसाठी यापेक्षा वाईट व्यवस्था नाही.

भोकांची गोष्टही तशीच. इपॉक्सी मारून झाल्यावर रिव्हेटसाठी भोक पाडलं की तिथे उघडं लाकूड आलं. ४.८ मि.मी. च्या रिव्हेटसाठी आधी १० मि.मी. चं भोक पाडा, खालून टेप लावा, भुकटी मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी भरा, कडक झाल्यावर मधोमध ४.९ मि.मी. चं भोक पाडा. काम किचकट आहे, दिवस जातो. पण रिव्हेट लाकडाला शिवतच नाही आणि फळी पुढे टिकते ती यामुळेच.

प्लाय थेट फासळीवर टेकवू नका. मध्ये एचडीपीई या टणक प्लास्टिकची २-३ मि.मी. जाड पट्टी, फासळीच्या रुंदीएवढी. बाजूच्या पत्र्यापासून ५-६ मि.मी. फट सोडा म्हणजे पाणी खाली उतरेल. रिव्हेट ॲल्युमिनियमचे, बंद टोकाचे घ्या. साध्या पॉप रिव्हेटमध्ये पोलादी खिळ्याचं डोकं आत अडकून राहतं आणि गंजाचे ओघळ येतात. कडेला १५ सें.मी. वर एक, मधल्या फासळ्यांवर २० ते २५ सें.मी. वर. जिथे उघडझाप करायची तिथे ३१६ स्टीलचे स्क्रू, नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना पॉलियुरेथेन सीलंट. पितळी स्क्रू एकही नको. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंटही नको. तो सुकताना आम्ल सोडतो आणि पुढे त्यावर रंग बसत नाही.

पण हे सगळं फळी घालण्याचं झालं. जुनी फळी काढल्यावर खाली जे दिसतं त्याचा बंदोबस्त आधी. जुन्या रिव्हेटची डोकी ५ मि.मी. च्या बिटाने उडवा, छिन्नीने तोडू नका. फासळीची भोकं फाटतात. फळी कुजलेली असली तरी फेकू नका, पुठ्ठ्यावर तिचा छाप काढून घ्या. फोमचा तुकडा उचलून पाहा, जड लागला की त्याने पाणी प्यायलंय. तो सगळा काढावा लागतो आणि जेवढा काढला तेवढ्याच आकारमानाचा परत घालावा लागतो, कारण होडी भरली तर तीच तुमची तरंगण्याची हमी आहे. शंभर लिटर फोम साधारण ९६ किलो वजन पेलतो. एक्सपीएस या घट्ट फोमचे पत्रे कापून बसवा; ओतायचा दोन भागांचा फोम कोपरान् कोपरा भरतो खरा, पण पाणी जायची वाटही बंद करतो. थर्माकोल नको, त्याच्या मण्यांच्या फटींत पाणी शिरतं. पेट्रोल सांडलं तर एक्सपीएसही विरघळतो, त्यामुळे टाकीखालचा फोम जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

मग गळतीची परीक्षा. होडी ट्रेलरवर सगळ्या लांबीला आधार देऊन ठेवा आणि आत १० सें.मी. पाणी भरा. तीन-चारशे लिटर होतं, म्हणजे तेवढेच किलो. दोन ओंडक्यांवर ठेवून हे करू नका. बाहेरून जो रिव्हेट पाझरतो त्याला मार्करने खूण करा. सैल रिव्हेट आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने पुन्हा ठोकता येतो. डोकं झिजलं असेल तर बदला. नुसता सीलंट फासला तर एक मोसम निघतो, जास्त नाही.

पत्रा घासायला लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात. स्टेनलेस किंवा नायलॉनचा घ्या. कॉस्टिक सोडा असलेलं कोणतंही क्लीनर ॲल्युमिनियमला खातं. ८० नंबरच्या कागदाने घासून, थिनरने पुसून त्याच दिवशी एच प्रायमर (पत्र्याला किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा ॲल्युमिनियमवर चालणारा इपॉक्सी प्रायमर मारा. घासलेला पत्रा रात्रभर उघडा राहिला की वर पुन्हा ऑक्साइड धरतो आणि प्रायमर पापुद्र्याने सुटतो. वायरिंग करताना कापलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे तळात पडू देऊ नका. बोटाच्या पेराएवढा तुकडा खाऱ्या पाण्यात फासळीला चिकटून राहिला तर त्याच्याखाली भोक पडतं. होडीचा पत्रा कधीही अर्थिंग म्हणून वापरायचा नाही, दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत न्यायच्या.

वेळेचं गणित गोव्यात वेगळं. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून सगळे तेव्हाच काम काढतात, आणि इपॉक्सीसाठी तोच काळ वाईट. दमट हवेत सुकताना वर तेलकट, मेणासारखा थर येतो. तो पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय दुसरा हात मारला की तो धरत नाही. प्लायसुद्धा हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो आणि इपॉक्सी ते आतच कोंडते. उपाय एकच: फळीचं माप एप्रिलमध्ये घ्या, प्लाय मेमध्ये कापून तिन्ही हात मारून ठेवा, आणि घासणं, रिव्हेट, गळती ही पत्र्याची कामं छपराखाली पावसात करा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे वर पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात हवेतच. दुसऱ्या हातात घसरू नये म्हणून बारीक रेती. हिरवं गवताचं कार्पेट घालू नका. ते खारं पाणी धरून ठेवतं आणि फळी कधीच वाळत नाही.

पर्याय काय? पीव्हीसी फोम बोर्ड, जो हल्ली घराघरांत वाळवीच्या भीतीने लावतात, तो पाण्याला पक्का आहे, पण उन्हात मऊ पडतो आणि स्क्रू धरत नाही. बाजूच्या कप्प्यांना चालेल, जमिनीला नाही. खरा स्पर्धक ॲल्युमिनियमचा चेकर्ड (घसरू नये म्हणून उठाव असलेला) पत्रा. ३ मि.मी. चा आठ बाय चारचा पत्रा २४ किलोच्या आसपास, म्हणजे वजन प्लायइतकंच, आणि कुजण्याचा, तांब्याचा प्रश्नच नाही. बाजारात सहज मिळतो तो बहुधा ३००३ या मिश्रधातूचा. खाऱ्या पाण्यासाठी ५०५२ मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. दोष दोन: फासळ्या लांब असतील तर तो दबतो आणि वाजतो, त्यामुळे दर ३० सें.मी. वर २५ बाय २५ चा ॲल्युमिनियम अँगल द्यावा लागतो. आणि मेमध्ये पाय भाजतात. ईव्हीए या मऊ फोमची ६ मि.मी. जाड चिकटपट्टी लावली तर दोन्ही बरेच कमी होतात.

आमचा कौल असा. होडी मांडवी-शापोराच्या खाऱ्या पाण्यात कायम नांगरलेली राहणार असेल तर प्लायचा विचार सोडा, चेकर्ड पत्रा घाला. काम झालं की ट्रेलरवर घरी येणार, बूच काढून गोड्या पाण्याने धुतली जाणार असेल, तर वरच्या पद्धतीने बंद केलेला ७१० चा प्लाय चांगला माल आहे आणि पायाला जास्त सुखाचा. इपॉक्सीचा खर्च आणि मेहनत प्लायच्या भावात धरूनच तुलना करा; ती टाळायची असेल तर हा माल तुमच्यासाठी नाही. प्लाय घातलाच, तर मधला एक तुकडा रिव्हेट न मारता स्क्रूवर ठेवा आणि दर मे महिन्यात तो उचलून फासळीवर हात फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर शेजारचा तुकडा त्याच दिवशी काढा, खड्डे घासून प्रायमर मारा आणि प्लायची कुठली कड उघडी पडली आहे ते शोधा.