मिनँडर घ्यावा की अपोलोडोटस?

इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांचं, चांदीचं पहिलं नाणं घ्यायचं म्हटलं की निवड बहुधा या दोघांवर येते: मिनँडरचा गोल ड्राक्म (चांदीचं छोटं ग्रीक नाणं) किंवा पहिल्या अपोलोडोटसचा चौकोनी. माझ्याकडे दोन्ही आहेत.

आधी मिनँडर घेतला. बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा तो हाच. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयामुळे आणि नागसेनवनामुळे ही नावं आपल्या घरचीच झालीत. त्या राजाचा चेहरा तळहातावर घेताना खरंच भरून येतं. त्यात प्रकारही बरेच: कुठे केसांना नुसती राजपट्टी, कुठे शिरस्त्राण, कुठे पाठमोरा राजा भाला उगारून. मागच्या बाजूला वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना.

मला छळलं ते नावानं. या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायच्या जुन्या लिपीत, लेख असतो. याच दुभाषी नाण्यांवरची ग्रीक आणि खरोष्ठी नावं शेजारी धरून १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं खरोष्ठी अक्षरं लावायला घेतली. तीच जुळणी घरी, भिंगाखाली करून बघायची म्हणून तर मी या नाण्यांकडे वळलो. पण मिनँडरच्या नाण्यावर ‘महरजस त्रतरस’ (महाराजाचं, तारणहाराचं) ही बिरुदं वरच्या कमानीत असतात आणि ‘मेनंद्रस’ (मिनँडरचं) एकटं तळाशी. ठसा जरासा खाली सरकला की नेमकं नावच काठाबाहेर जातं. माझ्या नाण्यावर तसंच झालंय. उजवीकडून डावीकडे, नाणं फिरवत फिरवत वाचत यावं, आणि नावापाशी अक्षरांची फक्त टोकं दिसावीत!

अपोलोडोटसवर राजाचा चेहराच नाही, ही उणीव मी नाकारत नाही. एकीकडे हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल. लेख मात्र तीन कडांना सरळ ओळीत आणि नाव दोन बिरुदांच्या मधोमध. अक्षरं इथंही कापली जातात. तरी माझ्या हाताखालून गेलेल्या थोड्याफार नाण्यांत ‘अपलदतस’ बहुतेक वेळा वाचता आलं. कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

जुन्या बाजारानं या नावांत डावं-उजवं केलेलं दिसत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात भडोचला अपोलोडोटस आणि मिनँडर या दोन्ही नावांचे जुने ड्राक्म चालत असल्याची नोंद आहे.

चेहरा हवाच असेल तर मिनँडर जरूर घ्या, पण विक्रेत्याकडून मागच्या बाजूच्या खालच्या काठाचा वेगळा फोटो मागवा. लेख वाचायची हौस असेल तर मी आधी चौकोनी नाणं बघेन.